नव्या बाईंचे पहिले वर्ष : टस्कम्बिया, १८८७

३ मार्च १८८७, गुरुवार. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कम्बिया या लहानशा गावाच्या स्थानकावर संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास एक वीस वर्षांची मुलगी आगगाडीतून उतरली. प्रवासाने थकलेली, डोळे सुजून लाल झालेले. घरातील कुणी ना कुणी गेले दोन दिवस प्रत्येक गाडीला येऊन तिची वाट पाहून परत जात होते. ती त्या घरी शिक्षिका म्हणून आली होती. आयुष्यातील पहिली नोकरी, पगार महिना २५ डॉलर, आणि वर्गात विद्यार्थिनी एकच.

शिक्षिकेचे नाव अ‍ॅन सलिव्हन. जवळची माणसे तिला अ‍ॅनी म्हणत. विद्यार्थिनी हेलन केलर, वय सहा वर्षे आठ महिने. एकोणिसाव्या महिन्यात आलेल्या दुखण्यात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती.

पुढची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असे वाटते. विल्यम गिब्सनचे १९५९ चे नाटक, त्यावरचा १९६२ चा चित्रपट, आणि आपल्याकडे २००५ साली हेलनच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन आलेला ‘ब्लॅक’. या सर्वांनी एक चित्र मनावर पक्के ठसवले आहे : हट्टी मूल, त्याहून हट्टी बाई, पाण्याची धार आणि क्षणात उजळलेले मन. परंतु आजचा धागा हेलनविषयी नाही. तो बाईंविषयी आहे. पहिल्याच वर्षी, अनोळखी मुलुखात, कुणी वरिष्ठ नाही, सहकारी नाही, पाठ्यक्रम नाही. अशा वेळी या मुलीला आधार कुठून मिळाला? धागा लांब आहे. सावकाश वाचा.

प्रथम ती कोण होती ते पाहू, कारण तिच्या दृष्टीने या नोकरीत काय पणाला लागले होते ते त्यावाचून कळणार नाही.

अ‍ॅनीचा जन्म १४ एप्रिल १८६६ चा, मॅसॅच्युसेट्समधील फीडिंग हिल्स येथला. आईवडील आयर्लंडहून आलेले, अत्यंत गरीब. लहानपणीच खुपऱ्यांच्या रोगाने तिची दृष्टी अधू झाली. आई क्षयाने गेली, वडिलांनी मुलांची जबाबदारी टाकली. फेब्रुवारी १८७६ मध्ये ती आणि तिचा धाकटा भाऊ जिमी यांना ट्यूक्सबरीच्या सरकारी निराधारगृहात धाडण्यात आले. वेडे, म्हातारे, मरणपंथाला लागलेले, टाकून दिलेल्या स्त्रिया, सगळे तेथे एकत्र ठेवलेले असत. जिमी काही महिन्यांतच वारला. अ‍ॅनीने तेथे चार वर्षांहून अधिक काळ काढला. १८८० साली फ्रँक सॅनबर्न हे अधिकारी संस्थेच्या तपासणीला आले, तेव्हा ही जवळजवळ आंधळी मुलगी त्या पाहुण्यांच्या घोळक्यात घुसली आणि मला शाळेत जायचे आहे, असे रडून ओरडून सांगू लागली. त्यामुळे ऑक्टोबर १८८० मध्ये ती बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली. चौदा वर्षांची होती आणि स्वतःचे नावही तिला लिहिता येत नव्हते.

शाळेत तिचे कुणाशी फारसे जमले नाही. संचालक मायकेल अनाग्नोस तिला ‘मिस स्पिटफायर’ म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत फटाकडी. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, थोडेफार वाचता येऊ लागले, आणि १८८६ च्या जूनमध्ये ती वर्गात पहिली येऊन बाहेर पडली. प्रश्न होता, बाहेर पडून जायचे कुठे? तिला घर नव्हते, नातेवाईक असून नसल्यासारखे होते. इतर मुली सुटीत घरी जात तेव्हा अ‍ॅनीला आपल्या गावी, केप कॉडवरील ब्रूस्टरला घेऊन जाणारी एकच व्यक्ती होती : सोफिया हॉपकिन्स. या बाई पर्किन्समध्ये मुलींच्या निवासाची देखरेख करीत. एका दर्यावर्दी कप्तानाच्या विधवा होत्या आणि त्यांची स्वतःची मुलगी वारली होती. हे नाव लक्षात ठेवा.

ऑगस्ट १८८६ मध्ये अ‍ॅनी ब्रूस्टरलाच असताना अनाग्नोस यांचे पत्र आले. सोबत कॅप्टन आर्थर केलर यांचे पत्र जोडलेले होते. केलरबाईंनी चार्ल्स डिकन्सच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीच्या शिक्षणाची हकीकत वाचली होती. त्यावरून आशा धरून केलर कुटुंब बाल्टिमोरच्या नेत्रतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याकडे पाठवले आणि बेल यांनी पर्किन्सकडे बोट दाखवले. अशा रीतीने फिरत फिरत ते पत्र अ‍ॅनीच्या हाती पडले.

तिने लगेच होकार देऊन गाडी पकडली असे मात्र झाले नाही. ती पर्किन्सला परत गेली आणि पुढचे काही महिने तिने जुने अहवाल वाचण्यात घालवले. तिचा पहिला आधार हाच, आणि नाटकाने तो जवळपास गाळून टाकला आहे.

लॉरा ब्रिजमन १८३७ साली, सात वर्षांची असताना पर्किन्समध्ये आली होती. संस्थेचे पहिले संचालक डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ यांनी तिला शिकवले. चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, शब्द आणि वस्तू यांची जोडी बोटांनी ओळखायला लावायची, मग शब्दाची अक्षरे सुटी करायची, मग हातावर बोटांनी लिहायची खुणांची वर्णमाला शिकवायची. प्रत्येक पायरी, प्रत्येक फसलेला प्रयत्न हाउ यांनी वार्षिक अहवालांत लिहून ठेवला होता. हाउ १८७६ सालीच वारले होते. म्हणजे अ‍ॅनीला त्यांना एकही प्रश्न विचारता येणार नव्हता. पण त्यांची दैनंदिन टिपणे तिच्यासमोर होती. शिवाय लॉरा स्वतः, वय सत्तावन्न, अजून त्याच आवारात राहत होती. अ‍ॅनी विद्यार्थिनी असल्यापासून तिच्याशी बोटांच्या भाषेत गप्पा मारीत असे. जगात ही गोष्ट एकदा साध्य झाली आहे, हे जिला हाताने स्पर्शून ठाऊक होते अशी शिक्षिका टस्कम्बियाला निघाली होती. ‘चमत्कार’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो. चमत्काराच्या मागे पन्नास वर्षांचे दप्तर होते.

निघताना पर्किन्सच्या अंध मुलींनी हेलनसाठी एक बाहुली दिली. तिचे कपडे लॉरा ब्रिजमनने शिवले होते.

आता टस्कम्बिया. दारात हेलन उभी होती. अ‍ॅनी पायरीवर येताच ती इतक्या जोराने अंगावर आली की मागे कॅप्टन केलर नसते तर बाई पहिल्याच भेटीत उताण्या पडल्या असत्या. दुसऱ्या दिवशी बाहुली हातात दिली आणि तळहातावर खुणांनी चार अक्षरे लिहिली : डी, ओ, एल, एल. हेलनने खुणा हुबेहूब परत केल्या. तिला तो खेळ वाटला. शब्द म्हणून काही असते हेच तिला ठाऊक नव्हते.

लवकरच खरे रूप दिसू लागले. त्या घरात हेलनचा शब्द (तिला एकही येत नसताना) अखेरचा असे. वडिलांना तिचे रडणे सहन होत नसे, म्हणून ती मागेल ते तिला मिळे. तिने अ‍ॅनीला खोलीत कोंडून किल्ली लपवली, तेव्हा कॅप्टन केलर यांना शिडी लावून नव्या शिक्षिकेला खिडकीतून उतरवून घ्यावे लागले. तिच्या एका फटक्याने बाईंचा दातही पडला.

सोमवार, ७ मार्च. येऊन चार दिवस झालेले. न्याहारीच्या टेबलावर हेलन नेहमीप्रमाणे सर्वांच्या ताटांत हात घालीत फिरू लागली. अ‍ॅनीने आपल्या ताटात हात घालू दिला नाही. मूल जमिनीवर लोळून किंचाळू लागले. घरची मंडळी अस्वस्थ होऊन उठून गेली. अ‍ॅनीने दार आतून लावून घेतले आणि घास घशाखाली उतरत नसतानाही जेवत राहिली. हेलन चिमटे काढी, अ‍ॅनी प्रत्येक वेळी चापट मारी. (हे आज वाचताना आपल्याला बोचते आणि बोचावेच, पण १८८७ सालच्या शिक्षिकेने ते लपवलेले नाही, हेही पाहावे.) अखेर हेलनने चमच्याने खाल्ले. मग रुमालाची घडी घालण्यावरून आणखी तासभर झटापट झाली. ते संपल्यावर बाईंनी मुलीला बाहेर उन्हात सोडले, वर आपल्या खोलीत गेल्या, बिछान्यावर अंग टाकले आणि पोटभर रडल्या.

हे आपल्याला कसे ठाऊक? कारण त्याच दिवशी तिने ते लिहून पाठवले. हॉपकिन्सबाईंना.

येथे थोडे थांबू. अ‍ॅनीच्या परिस्थितीचा विचार करा. ज्या घरात नोकरी आहे त्याच घरात राहायचे, तेथेच जेवायचे. घरधनी दक्षिणेच्या सैन्यात अधिकारी होता. यादवी युद्ध संपून अवघी बावीस वर्षे झालेली. आणि ही उत्तरेकडची, त्यातही आयरिश. ट्यूक्सबरीविषयी बोलायची सोय नाही. ते दिवस तिने आयुष्यभर इतके दडवून ठेवले की खुद्द हेलनला ते १९३० मध्ये कळले. पर्किन्सला परत जावे तर ती आता विद्यार्थिनी नव्हती. आज मी हरले, हे वाक्य त्या घरात कुणाजवळ बोलायचे? आईवडिलांजवळ बोलले तर नोकरी जाईल. अनाग्नोस यांना कळवले तर ज्यांनी शिफारस केली त्यांचीच मान खाली जाईल. उरली ती एकच व्यक्ती, जिने हिला उन्हाळ्याच्या सुटीत घरी नेले होते आणि जिच्यापुढे काही सिद्ध करायचे नव्हते.

त्या पत्रांत कसलाही बाणेदारपणा नाही. कधी चरफड आहे, कधी स्वतःचीच थट्टा. आपल्या मनाला शिस्त नाही, विचार उड्या मारतात, हेलनइतकीच आपल्यालाही शिक्षिकेची गरज आहे, असे ती एका पत्रात स्वच्छ कबूल करते. हॉपकिन्सबाई शिक्षणतज्ज्ञ नव्हत्या. त्यांनी काही सल्ला दिला असेलही. परंतु वाचताना जाणवते की अ‍ॅनीला लिहिता लिहिताच उत्तरे सुचत आहेत. घडलेला प्रसंग कागदावर मांडायचा म्हटला की तो क्रमाने आठवावा लागतो, आणि क्रमाने आठवला की आपले कुठे चुकले ते दिसते. आजचे अध्यापक महाविद्यालय यालाच चिंतन-नोंदवही म्हणते आणि गुण देते. अ‍ॅनीला गुण नव्हते, उत्तर येत होते.

हॉपकिन्सबाईंनी ती पत्रे जपून ठेवली. १९०३ साली हेलनच्या आत्मचरित्रासोबत ती छापली गेली. त्यांनी ती रद्दीत घातली असती तर आज आपल्याकडे फक्त दंतकथा उरली असती.

दुसरा आधार घरातच मिळाला, पण अर्धवट. केट केलर, हेलनची आई, तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. कॅप्टन केलर यांच्या त्या द्वितीय पत्नी, वयाने अ‍ॅनीला फार मोठ्या नव्हेत. पहिल्या भेटीत हे पाहून अ‍ॅनीला हायसे वाटले होते. न्याहारीच्या प्रसंगानंतर तिने केलरबाईंना स्पष्टच सांगितले : घरातील प्रत्येक जण हिच्या हट्टापुढे वाकतो तोवर मला काही शिकवता येणार नाही, आम्हा दोघींना काही काळ वेगळे राहू द्या. जवळच, बागेपलीकडे, एक छोटे घर होते. पतिपत्नींनी मान्यता दिली. लवकरच दोघी तेथे राहायला गेल्या. आईवडील रोज येऊन मुलीला पाहत, मात्र हेलनला त्याचा पत्ता लागू देत नसत.

त्या आईची कल्पना करा. आठ दिवसांपूर्वी आलेल्या, अनुभव शून्य असलेल्या मुलीच्या स्वाधीन आपले आंधळे-बहिरे लेकरू करायचे, ते आत रडत असताना बाहेर उभे राहायचे आणि दार ठोठवायचे नाही. पहिल्या रात्री हेलन बिछान्यात यायला तयार नव्हती, ती झटापटच दोन तास चालली. पण २० मार्चच्या पत्रात अ‍ॅनीचा सूर पालटलेला दिसतो. हेलन तिच्या मांडीवर येऊन बसू लागली होती, लोकर विणायला शिकली होती.

नाटकात अ‍ॅनीला ठरीव दोन आठवड्यांची मुदत मिळते, ती संपताच सर्व जण रात्रीच्या जेवणाला बसतात, हेलन पाण्याचा जग फेकते आणि बाई तिला ओढत पंपाकडे नेतात. रंगमंचावर हे प्रभावी दिसते. पत्रांतील क्रम निराळा आहे, आणि माझ्या मते अधिक बोलका. २७ मार्चला दोघी घरी परतल्या. आणखी एक आठवडा मिळायला हवा होता, अशी अ‍ॅनीची तक्रार आहे. परतल्यावर तिने पतिपत्नींशी बोलून मोकळीक मागितली, दोघांनी सर्व काही कबूल केले. त्यानंतर काही तासही लोटले नव्हते. जेवताना हेलनने गळ्याचा रुमाल भिरकावला, अ‍ॅनीने ताट काढून घेतले, आणि कॅप्टन केलर आडवे आले. आपल्या कुठल्याही लेकराला जेवणावाचून ठेवलेले त्यांना चालणार नव्हते.

वचन दिले आणि त्याच दिवशी मोडले. नव्याने नोकरीला लागलेल्या कोणत्याही शिक्षकाला हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. लक्षणीय हे की अ‍ॅनी पत्रात त्यांच्यावर संतापत नाही. आपले अपंग मूल शिक्षा भोगताना पाहणे त्यांना जड जाते, हे तिला समजते. पण ती मागेही हटत नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला हेलनने स्वतःहून रुमाल लावला, आपल्या पद्धतीने, आणि वाद तेथे संपला.

या काळात शिक्षणाचा हिशेब काय होता? ३१ मार्चला अ‍ॅनीने मोजदाद केली : अठरा नामे आणि तीन क्रियापदे. मात्र ती बोटांची नक्कल होती. पाणी आणि पेला या दोहोंत हेलनचा सारखा गोंधळ होई.

मंगळवार, ५ एप्रिल. सकाळी तोंड धुताना हेलनने पाण्याकडे बोट करून नाव विचारले. अ‍ॅनीने हातावर लिहिले. न्याहारीनंतर तिला सुचले की पंपावर नेऊन हा गोंधळ मिटवता येईल. हेलनच्या एका हातात पेला, त्यावर थंड पाण्याची धार, दुसऱ्या हातावर डब्ल्यू-ए-टी-ई-आर. हेलनच्या हातून पेला निसटला. पुढच्या काही तासांत तिने तीसेक नवे शब्द मिळवले, आणि त्यात मध्येच वळून बाईंकडे बोट करून त्यांचेही नाव विचारले. अ‍ॅनीने लिहिले : टीचर. त्या दिवसापासून अ‍ॅन सलिव्हनचे हेलनपुरते नाव तेच राहिले.

पंपाच्या प्रसंगावर सगळे थांबतात. मला विचाराल तर या वर्षातले अधिक मोलाचे पत्र पाच दिवसांनंतरचे आहे, १० एप्रिलचे. त्यात एकही नाट्यमय प्रसंग नाही, म्हणूनच ते कुणी रंगमंचावर आणले नाही.

हेलनची पंधरा महिन्यांची एक चुलत बहीण होती. अ‍ॅनी तिला न्याहाळीत बसे. त्या बाळाला स्वतः नीट बोलता येत नव्हते, पण नाक कुठे, दार लाव, बाबांना पापी दे, हे सगळे तिला कळत होते. तिला कुणी एकेक शब्द घोकून शिकवला नव्हता. घरची माणसे तिच्याशी अखंड पुऱ्या वाक्यांत बोलत होती. समज आधी येते, बोलणे मागाहून. मग हेलनलाच का रोज ठरावीक वेळी ठरावीक शब्दांच्या टेबलाशी बसवायचे? अ‍ॅनीने पत्रात जाहीर केले की तासाचे ठरीव धडे आता बंद. ती हेलनच्या हातावर तसेच बोलणार, जसे आपण तान्ह्या बाळाच्या कानात बोलतो : पूर्ण वाक्ये, दिवसभर, कळो न कळो. न कळलेली जागा खुणेने आणि हावभावाने भरायची.

हाउ यांच्या पद्धतीपासून ती येथे वेगळी होते. आणि गंमत अशी, की वेगळे होण्याचे धैर्य तिला हाउ यांच्याच अहवालांनी दिले असावे. कारण पहिली वाट पुरती चाललेल्यालाच ती कुठे संपते ते दिसते. तिने अहवाल गुरू मानले, पण पंधरा महिन्यांच्या बाळालाही गुरू मानले. मे महिन्यात तर ती सगळ्या शिक्षणपद्धतींवरच घसरते. मुले मुळात मूर्ख असतात असे धरून या पद्धती रचलेल्या आहेत, असा तिचा आक्षेप आहे. एकविसाव्या वर्षीचा हा फणकारा वाचून मौज वाटते. पण त्यानंतर दोघी रोज घराबाहेर पडू लागल्या, झाडाखाली, नदीकाठी, आणि धडा काय असेल ते त्या दिवशी समोर येईल त्यावर ठरू लागले.

केट केलर यांनी दिलेला आधारही आता बदलला होता. आरंभी त्यांचे काम फक्त आड न येण्याचे होते. आता त्या स्वतः बोटांची वर्णमाला शिकल्या आणि मुलीच्या हातावर लिहू लागल्या. शाळा आणि घर यांतले अंतर मिटले, ते आईने अक्षरे गिरवली तेव्हा.

आता अनाग्नोस. त्यांच्यावर अन्याय होऊ नये. शिक्षणासाठी लागणारे साहित्य, उठावाच्या अक्षरांची पुस्तके, प्रोत्साहनाची पत्रे, हे सर्व त्यांच्याकडून येत होते. ग्रॅहम बेल यांनीही हेलनच्या प्रगतीचे मनापासून कौतुक केले. पण संस्थाचालकाच्या आधाराला बहुधा एक शेपूट असते. पर्किन्सला देणग्या हव्या होत्या, आणि हेलनसारखी गोष्ट दात्यांना सांगायला दुसरी नव्हती. अनाग्नोस यांची अतिशयोक्तीची सवय अ‍ॅनीला खुपू लागली. साध्या घटनेला अलंकार चढवले की तिच्या अंगावर काटा येई. शरद ऋतूत त्यांनी तिच्याकडे वर्षाच्या कामाचा वृत्तांत मागितला. आपल्याला लिहिता येत नाही म्हणून तिने टाळाटाळ केली. कॅप्टन केलर म्हणाले की या अनुभवाचा लाभ इतरांना देणे हे तुमचे कर्तव्य आहे. होय, तेच कॅप्टन केलर, ज्यांनी मार्चमध्ये ताट परत द्यायला लावले होते. शेवटी तिने लिहिले. अहवाल छापला गेला आणि वर्तमानपत्रे तुटून पडली. मार्च १८८८ मधील पत्रात ती सांगते की जवळजवळ प्रत्येक टपालाने काहीतरी हास्यास्पद छापून आलेले येते आणि बाकीचे आपल्यापर्यंत पोहोचत नाही हे बरेच आहे. पहिल्या वर्षी अपयशाचे ओझे तिने पेलले होते. वर्षाअखेरीस यशाचे आले, आणि त्याची तक्रारही गेली हॉपकिन्सबाईंकडेच.

मधल्या एका पत्राचा उल्लेख राहिला, १ जानेवारी १८८८ चा. हेलनला कळलेला तो पहिला नाताळ. गावातील शाळेच्या मुलांनी तिला आपल्या नाताळवृक्षाकडे बोलावले होते; झाडावरच्या भेटी वाटताना हेलनला दिसले की एका मुलीला काहीच मिळाले नाही, तेव्हा तिने आपल्या भेटींतला एक आवडता पेला तिला देऊन टाकला. नाताळच्या सकाळी केलरबाई डोळ्यांत पाणी आणून अ‍ॅनीला म्हणाल्या की तुम्हाला आमच्याकडे धाडल्याबद्दल मी रोज देवाचे आभार मानते, पण केवढे दान पदरात पडले आहे ते मला आज सकाळपर्यंत उमगले नव्हते. कॅप्टन केलर यांनी तिचा हात हातात घेतला. त्यांना बोलता आले नाही.

ट्यूक्सबरीहून आलेल्या मुलीला कुठल्याही घराने असे कधी म्हटले नव्हते. पत्रात तिने हे दोनचार वाक्यांत उरकले आहे.

१८८८ च्या मे महिन्यात अ‍ॅनी, हेलन आणि केलरबाई अशा तिघी उत्तरेकडे निघाल्या. वाटेत वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांची भेट झाली. महिनाअखेरीस बोस्टन, पर्किन्स संस्था. ज्या दारातून अ‍ॅनी आठ वर्षांपूर्वी निराधारगृहातील मुलगी म्हणून आत गेली होती, त्याच दारातून ती आता आपल्या विद्यार्थिनीला घेऊन आली. बोटांची भाषा जाणणारी इतकी मुले एकाच जागी हेलनला प्रथमच भेटली आणि ती आनंदाने वेडी झाली.

अ‍ॅनी तिला लॉरा ब्रिजमनकडेही घेऊन गेली. लॉरा आपल्या खोलीत खिडकीपाशी लेस विणत बसली होती. तिने अ‍ॅनीचे हात लगेच ओळखले आणि ती प्रसन्न झाली. हेलनचे तिने चुंबन घेतले. पण हेलन लेस चाचपायला गेली तशी लॉराने ती बाजूला घेतली. तुझे हात स्वच्छ नसावेत, अशी तिला शंका होती. हेलनने तिचा चेहरा चाचपायला हात पुढे केला, तर ती लाजाळूच्या पानासारखी आखडली. मग तिने अ‍ॅनीच्या हातावर बोटांनी लिहिले की तुम्ही या मुलीला नीटसे सौम्य वागायला शिकवलेले नाही. निरोप घेताना हेलनने पुन्हा पापी घेण्याच्या घाईत लॉराच्या पायावर पाय दिला.

पुढल्या वर्षीच्या मेमध्ये लॉरा ब्रिजमन वारली.